मुलं आजी-आजोबांजवळ, आपण दोघं व्हिएन्नात: पहिल्यांदा निघणाऱ्या आईबाबांसाठी

मुलं झाल्यानंतर दोघांनीच परदेशी जायचं ठरवलं की व्हिसा, विमान, हॉटेल याबद्दल सांगणारे दहाजण भेटतात. पण आपण नसताना घर कसं चालेल, शाळेत काय कळवायचं, रात्री ताप आला तर आजीने कुठला कागद घेऊन दवाखान्यात जायचं, हे कुणी सांगत नाही. आमचा अनुभव असा की ही सहल घरी ठरते. घरची घडी नीट बसवून गेलात तर व्हिएन्नात मन लागतं. नाहीतर स्टेफान्सडोम या तिथल्या भव्य चर्चसमोर उभं राहूनही डोळे फोनवरच राहतात.

इथे मी पुण्या-मुंबईत राहणारं, पाच ते बारा वर्षांची मुलं असलेलं जोडपं डोळ्यांसमोर ठेवलं आहे. मूल त्याहून लहान असेल, अजून अंगावर पीत असेल किंवा सतत आजारी पडत असेल, तर मी थोडं थांबायला सांगेन.

१. एकच शहर धरा

सात दिवसांत पाच देशांची सहल मुलांबरोबरही दमवते, आणि दोघंच असताना तर तिचा उपयोगच नसतो. तुम्हाला एकमेकांसाठी वेळ हवा आहे, तर रोज बॅग भरण्यात तो घालवू नका. एक शहर, एक हॉटेल, पाच-सहा रात्री पुरतात.

व्हिएन्ना का? जुनं शहर पायी फिरता येतं. मेट्रो आणि ट्राम कळायला अर्धा दिवस लागतो. नळाचं पाणी थेट आल्प्सच्या झऱ्यांतून येतं, त्यासाठीची पहिली जलवाहिनी १८७३ साली सुरू झाली, त्यामुळे बाटल्या विकत घ्यायची गरज पडत नाही. आणि मुलं बरोबर असताना ज्या गोष्टी करता येत नाहीत, त्या या शहरात भरपूर आहेत: तीन तासांचा ऑपेरा, एका चित्रासमोर अर्धा तास, एका कॉफीवर सगळी दुपार.

एखादा दिवस बाहेर जायचंच असेल तर स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा रेल्वेने तासाभरावर आहे. सकाळी जा, संध्याकाळी परत या. तोही शेंगेन देश, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी एक, असल्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र हॉटेल बदलू नका.

२. तारखा शाळेच्या कॅलेंडरवरून ठरवा

बहुतेकांना वाटतं, मुलांना सुट्टी असताना जावं. मी उलट सांगेन. सुट्टीत मुलांचा दिवस रिकामा असतो, आजी-आजोबांवर चोवीस तासांचा भार येतो, आणि "आमच्या सुट्टीत तुम्ही गेलात" ही तक्रार रास्तच असते. शाळा चालू असली की मुलांचा अर्धा दिवस ठरलेला असतो. व्हॅन येते, डबा जातो, संध्याकाळी क्लास असतो. त्या ओळखीच्या चाकोरीत आठवडा लवकर सरतो.

मला सगळ्यात योग्य वाटणारा काळ म्हणजे दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यानंतरचा: नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा डिसेंबरचा पहिला आठवडा. सहामाही झालेली असते आणि वार्षिक परीक्षा लांब असते. फक्त स्नेहसंमेलनाची तारीख शाळेकडून आधी विचारून घ्या. मुलाचा नाच किंवा नाटक चुकवून गेलात तर ते त्याच्या लक्षात राहील.

व्हिएन्नातही हा काळ चांगला. नोव्हेंबरच्या मध्यापासून टाउन हॉलसमोर नाताळचा बाजार भरतो आणि ऑपेराचा हंगाम जोरात असतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंदच असतो, हे उन्हाळ्यात जाणाऱ्यांना उशिरा कळतं. थंडी मात्र खरी असते, तापमान शून्य ते आठ अंशांच्या आसपास, आणि सूर्य चारच्या सुमाराला मावळतो. म्हणून बाहेरची फिरती सकाळी आणि आतल्या गोष्टी दुपारनंतर.

३. आजी-आजोबांना विचारा, गृहीत धरू नका

"आई येईलच" असं ठरवून तिकिटं काढू नका. समोर बसून विचारा, आणि त्यांना नाही म्हणायला जागा ठेवा. गुडघे दुखत असतील, मोतिबिंदूची तारीख ठरलेली असेल, गावी लग्न असेल. होकार आला तर पुढचा प्रश्न: कुणी कुणाकडे जायचं? शाळा चालू असेल तर आजी-आजोबांनीच तुमच्या घरी यावं. ते साताऱ्या-सांगलीहून येणार असतील तर तुम्ही निघायच्या चार दिवस आधी यावेत. व्हॅनवाले काका, पोळीवाल्या मावशी, वॉचमन, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांशी त्यांची ओळख तुमच्या देखत व्हायला हवी.

त्यांचं काम हलकं करा. स्वयंपाकाच्या मावशींना त्या आठवड्यात सुट्टी नको, हे महिनाभर आधी सांगा आणि तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे द्या. संध्याकाळी मुलांना मैदानावर नेणारं कुणी तरुण माणूस, मामा, आत्या किंवा मित्राची बायको, दोन-तीन दिवस येईल असं बघा. रात्री-अपरात्री गाडी काढू शकेल अशी एक व्यक्ती जवळच राहणारी हवीच. तिचं नाव आणि नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरांत.

मग एक रंगीत तालीम करा. एखाद्या शनिवार-रविवारी तुम्ही दोघं महाबळेश्वरला किंवा कुठेही जवळ जा आणि मुलं आजी-आजोबांकडे राहू देत. गिझरचं बटण कुठलं, धाकटा कुठल्या पांघरुणाशिवाय झोपत नाही, टीव्हीचा रिमोट कसा चालतो, हे प्रश्न तेव्हाच बाहेर येतात. फोनवरून सहज सुटतात, आणि पुढच्या वेळी पडत नाहीत.

एक सापळा तरुण आईबाबांच्या ध्यानात येत नाही. सोसायटीच्या गेटचं अ‍ॅप, गॅस सिलिंडर, कुरिअर, किराणा, सगळ्यांचे मेसेज तुमच्या फोनवर येतात. तुम्ही व्हिएन्नात झोपलेले असता आणि इकडे दूधवाला गेटवर अडकतो. निघण्यापूर्वी अ‍ॅपमध्ये आजी किंवा आजोबांचा नंबर जोडा, सिलिंडर भरून ठेवा, वायफायचं रिचार्ज करा आणि घरात पुरेशी रोकड ठेवा. आजोबा यूपीआय वापरत असले तरी रोकड ठेवाच.

४. घरची फाइल

एक जाड प्लास्टिकचं फोल्डर घ्या आणि ते दिसेल अशा जागी ठेवा. त्यात:

– मुलांच्या आधार कार्डांच्या आणि जन्मदाखल्यांच्या प्रती
– लसीकरणाचं कार्ड
– आरोग्य विम्याचं कार्ड, विमा कंपनीचा हेल्पलाइन नंबर, आणि जवळचं कोणतं रुग्णालय कॅशलेस आहे ते लिहिलेला कागद
– बालरोगतज्ज्ञांचं नाव, दवाखान्याची वेळ, पत्ता
– मुलाच्या वजनाप्रमाणे तापाच्या औषधाचा डोस, डॉक्टरांच्याच हाताने लिहिलेला
– अ‍ॅलर्जी असेल तर लाल शाईत
– शाळेतून मुलांना घ्यायला कोण येईल, याचं शाळेला दिलेल्या पत्राची प्रत
– वेळापत्रक: कुठल्या दिवशी पीटीचा गणवेश, कुठल्या दिवशी तबला, कुठल्या दिवशी चित्रकलेची वही
– तुमचं हॉटेल, विमानाचे नंबर, पासपोर्टांच्या प्रती

डोसबद्दल मी आग्रहाने सांगते. "ताप आला तर ते गुलाबी औषध दे" असं सांगून जाऊ नका. एकाच औषधाचं सिरप वेगवेगळ्या तीव्रतेचं मिळतं, आणि रात्री दोन वाजता चष्मा शोधत बाटलीवरची बारीक अक्षरं वाचणं आजीला जमणार नाही. बाटली आणा, मापाच्या टोपीवर खूण करा, दोन डोसांमध्ये किती तास जायला हवेत ते बाटलीलाच चिकटवा.

वर्गशिक्षकांना तारखा कळवा. मूल त्या आठवड्यात थोडं चिडचिडं किंवा गप्प झालं तर त्यांना कारण माहीत असावं. शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आजीला कटकटीचा वाटेल, म्हणून वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीच्या आईला सांगून ठेवा: उद्या काय न्यायचंय ते तिने आजीला फोन करून सांगावं.

५. दोन कागद जे टाळू नयेत

पहिला, आजी-आजोबांना मुलांच्या उपचारासंबंधी निर्णय घेण्याचा अधिकार देणारं पत्र. दोघांच्या सह्या, मुलांची नावं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि नोटरीचा शिक्का. तातडीचे उपचार त्यावाचून अडू नयेत, पण दाखल करताना किंवा छोटी शस्त्रक्रिया ठरली तर संमती कोण देणार, हा प्रश्न रुग्णालय विचारतं. हा कागद हातात असला की आजोबांचा आवाज ठाम राहतो.

दुसरा कागद म्हणजे मृत्युपत्र. सहलीच्या बोलण्यात हा विषय काढणं अशुभ वाटतं, हे मला ठाऊक आहे. तरीही काढा. दोघं एकाच विमानात बसणार आहात. हिंदू कुटुंबांसाठी १९५६ च्या हिंदू अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व पालकत्व अधिनियमात मृत्युपत्राने मुलांचा पालक नेमण्याची सोय आहे. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि नोंदणी सक्तीची नाही. दोघांनी वेगवेगळं करा, मजकूर एकदा वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्या, आणि ज्याला पालक नेमताय त्याला आधी विचारा. बँक खात्यांची आणि विम्यांची नॉमिनेशन्स त्याच दिवशी तपासून घ्या. हे काम एका संध्याकाळचं आहे आणि ते झाल्यावर छातीवरचा दगड उतरतो.

६. व्हिसा

ऑस्ट्रियासाठी शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. भारतात अर्ज व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रांवर घेतले जातात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला नियमाप्रमाणे पंधरा दिवस, पण काही प्रकरणांत पंचेचाळीस दिवसांपर्यंत लागू शकतात. नोव्हेंबरात जायचं असेल तर गणपती-नवरात्राच्या गडबडीत न अडकता ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला अपॉइंटमेंट घ्या.

मोठ्या माणसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, वर केंद्राचा सेवाशुल्क. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत.

लागणारी कागदपत्रं:

– पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध, दोन पानं कोरी
– भरलेला अर्ज आणि ३५ × ४५ मिलिमीटरचे नवे फोटो
– दोघांचं मिळून एक सविस्तर पत्र: कुठे, किती दिवस, खर्च कुणाचा
– जाण्यायेण्याचं विमान आरक्षण, सगळ्या रात्रींचं हॉटेल आरक्षण
– निदान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा प्रवास विमा
– बँकेचं स्टेटमेंट (शिक्का मारलेलं), आयकर विवरणपत्रं
– नोकरी असेल तर पगारपत्रकं आणि रजा मंजूर केल्याचं पत्र. व्यवसाय असेल तर गुमास्ता किंवा जीएसटीची नोंदणी
– विवाह नोंदणीचा दाखला, विशेषतः पासपोर्टवर बायकोचं माहेरचं नाव असेल तर

आता मुलांशिवाय जाणाऱ्यांसाठी खास. व्हिसा अधिकाऱ्याला पटायला हवं की तुम्ही परत येणार. घरी शाळेत जाणारी मुलं असणं हे त्याचं भक्कम कारण आहे. ते पत्रात स्पष्ट लिहा: मुलांची वयं, शाळा, त्या काळात त्यांना कोण सांभाळणार. मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचं बोनाफाईड जोडा. यादीत मागितलेलं नसलं तरी दोन जास्तीच्या कागदांनी काही बिघडत नाही.

सापळे तीन. अपॉइंटमेंट मिळवून देतो म्हणणारे मध्यस्थ: स्लॉट स्वतः रोज बघा, पहाटे आणि रात्री उशिरा सुद्धा. बनावट विमान आरक्षण: पकडलं गेलं तर पुढच्या सगळ्या अर्जांना डाग लागतो. आणि अर्जाच्या तोंडावर कुणाकडून तरी खात्यात भरलेली मोठी रक्कम: ती स्टेटमेंटमध्ये ठळक उठून दिसते आणि शंका वाढवते.

बोटांचे ठसे एकदा दिले की ते ५९ महिने चालतात. आधी शेंगेन व्हिसा घेतला असेल तर तो तपशील अर्जात लिहा.

७. कधी परतायचं ते आधी ठरवा

जाण्यापूर्वी दोघांनी आणि आजी-आजोबांनी बसून हे बोलून घ्या: काय झालं तर तुम्ही सहल सोडून येणार? साधा ताप, पडून खरचटणं, एक दिवस शाळा बुडणं यासाठी येणार नाही. रुग्णालयात दाखल करावं लागलं, हाड मोडलं, किंवा आजी-आजोबांपैकीच कुणी आजारी पडलं तर एकजण ताबडतोब निघेल. कोण निघेल तेही ठरवा. हे ठरलेलं असलं की तिकडून आलेल्या प्रत्येक फोनला काळजाचा ठोका चुकत नाही, आणि आजीही बारीकसारीक गोष्टी लपवत नाही. नाहीतर "पोरांची सहल बिघडेल" म्हणून तापाची बातमी तुमच्यापर्यंत तिसऱ्या दिवशी येते.

विमा घेताना जवळच्या नातेवाइकाच्या आजारपणामुळे सहल अर्धवट सोडावी लागली तर भरपाई मिळते का, हे कलम वाचा. केवळ व्हिसापुरता घेतलेल्या स्वस्त विम्यात ते नसण्याची शक्यता असते. विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असं घ्या. थोडे पैसे जास्त जातात, आणि ते इथेच घालवावेत.

८. मुलांना सांगणं

खूप आधी सांगू नका, आणि आदल्या दिवशीही नको. आठ-दहा दिवस आधी सांगितलेलं बरं. भिंतीवर एक कागद लावा, रोज एक चौकोन रंगवायचा, शेवटच्या चौकोनात तुमचं विमान. धाकट्यांना "सात दिवस" कळत नाहीत, सात चौकोन कळतात.

आपल्याकडे एक जुनी पद्धत आहे: मूल झोपलेलं असताना गुपचूप निघायचं, किंवा "आई दुकानात गेलीय" म्हणायचं. कृपा करून हे करू नका. सकाळी उठल्यावर आई नाही हे कळणं निरोपाच्या रडण्यापेक्षा फार वाईट असतं, आणि त्यानंतर मूल कित्येक दिवस तुम्हाला नजरेआड होऊ देत नाही. दारात उभं राहून, मिठी मारून, "मी अमुक वारी येणार" असं सांगून निघा. रडू आलं तर येऊ द्या.

"मुलांना सोडून कसं बाई करमतं तुला?" हे तुम्हाला नक्की ऐकावं लागेल, आणि ते आईलाच ऐकावं लागतं. तुम्ही मुलांना टाकून जात नाही आहात. त्यांना त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या माणसांजवळ ठेवून जात आहात. आजी-आजोबांबरोबर आईबाबांशिवाय घालवलेले ते दिवस मुलांचे स्वतःचे असतात. रात्रीच्या गोष्टी, आजोबांबरोबर बँकेत जाणं, आजीच्या हातची उकड, यांतलं बरंच काही तुम्ही घरात असताना घडलं नसतं.

९. सामान, पैसे, फोन

थंडीसाठी थर करा: आतून थर्मल, मध्ये लोकर, वरून वारा अडवणारं जाकीट. बुटांचे तळवे घसरणारे नसावेत. प्लगसाठी युरोपियन गोल पिनांचा अ‍ॅडॉप्टर लागतो; आपले बारीक दोन पिनांचे चार्जर सहसा तसेच बसतात, तीन पिनांचे नाहीत.

खाण्याचं नेताना नियम लक्षात ठेवा. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, पनीर, तुपाची बरणी घरीच राहू द्या. चिवडा, भडंग, खाकरे चालतात.

फोरेक्स कार्डावर युरो भरून घ्या आणि थोडे रोख ठेवा. ऑस्ट्रियात रोकड अजून बऱ्यापैकी चालते आणि छोट्या ठिकाणी कार्ड घेतीलच असं नाही. भारतीय कार्ड वापरताना मशीन विचारतं, रुपयांत की युरोत? नेहमी युरो निवडा. रुपये निवडले की वाईट दराने पैसे कापले जातात.

भारतीय सिम बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. दोघांपैकी एकाच्या तरी नंबरवर रोमिंग पॅक सुरू ठेवा. आजीने केलेला साधा फोन, व्हॉट्सअ‍ॅप नव्हे, लागला पाहिजे.

१०. पोचल्यावर

मुंबईहून दुबई, दोहा किंवा इस्तंबूल असा एक टप्पा करून जाता येतं. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर नवी संगणकीय नोंदणी सुरू झाली आहे. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहऱ्याचा फोटो घेऊन येण्याजाण्याची नोंद होते. पहिल्या वेळी रांगेला वेळ लागू शकतो. व्हिएन्नासाठीचं पुढचं विमान शेंगेनमधल्याच एखाद्या शहरातून असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा, कारण तपासणी त्या पहिल्या शहरात होते.

विमानतळ श्वेखाट इथे आहे. शहरात यायला कॅट नावाची खास गाडी १६ मिनिटांत आणते, पण महाग आहे. एस-७ ही लोकल पंचवीसेक मिनिटांत त्याच विएन मिटे स्टेशनला पोचते, बऱ्याच कमी पैशांत. कॅटच्या मोठमोठ्या पाट्या आधी दिसतात, म्हणून लोक तिकडे वळतात. तुम्ही एस-७ चा फलाट शोधा. विमानतळ शहराच्या मुख्य झोनबाहेर आहे, शहराचा पास तिथे पुरत नाही.

मेट्रोला फाटकं नाहीत, कुणी अडवत नाही. म्हणून तिकीट लागत नाही असं समजू नका. कागदी तिकीट निळ्या यंत्रात टोचून घ्यायचं असतं, तपासनीस साध्या कपड्यांत असतात, आणि दंड शंभर युरोच्या वर आहे.

हॉटेल शोधताना पिन कोड वाचायला शिका. व्हिएन्नाचे तेवीस विभाग आहेत आणि पिन कोडमधले मधले दोन आकडे विभाग सांगतात: १०१० म्हणजे पहिला, १०७० म्हणजे सातवा. पहिल्यात राहणं महाग पडतं. तिसरा, चौथा, सहावा, सातवा हे मध्याला लागून आहेत आणि राहायला सुखाचे आहेत.

११. दिवस कसे घालवाल

रोज एक मोठी गोष्ट. बाकी वेळ मोकळा सोडा.

कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालय थंडीत सोमवारी बंद असतं, तेवढं जपा. तिथे पीटर ब्रुगेलची चित्रं जगात सगळ्यात जास्त आहेत. 'बर्फातले शिकारी' या चित्रासमोरच्या बाकावर बसून राहा. खाली गोठलेल्या तळ्यावर मुलं खेळताना दिसतात, तिकडे तुमची नजर आपोआप जाईल. क्लिम्टचं 'चुंबन' वरच्या बेल्व्हेडेअर राजवाड्यात आहे. शोनब्रुन राजवाड्याला १४४१ खोल्या आहेत, दाखवतात त्यातल्या थोड्याच, आणि मला त्याहून मागची बाग जास्त भावली.

ऑपेराबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण पैशांच्या भीतीने बरेचजण बाहेरूनच फोटो काढून जातात. १८६९ साली उघडलेल्या श्टाट्सओपरमध्ये उभं राहून बघायच्या जागा असतात आणि त्यांचं तिकीट दहा-वीस युरोच्या आसपास मिळतं. ती प्रयोगाच्याच दिवशी विकली जातात, म्हणून सकाळी संकेतस्थळ बघा. आत गेल्यावर आपल्या जागेच्या कठड्याला स्कार्फ बांधायचा, म्हणजे ती जागा तुमची. समोर छोटा पडदा असतो, त्यावर इंग्रजीत भाषांतर येतं. जाड कोट आत नेता येत नाही, तो कपडेघरात द्यावा लागतो. पाय दुखले तर मध्यंतरात निघा, कुणी काही म्हणत नाही. रस्त्यावर मोझार्टसारखे टोप आणि झगे घातलेले विक्रेते जी तिकिटं विकतात ती या ऑपेराची नसतात. ते पर्यटकांसाठी वेगळे कार्यक्रम आहेत, आणि बरेच महाग.

रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली काही किराणा दुकानं तेवढी उघडी, तीही तुडुंब. खरेदी शनिवारीच उरका आणि रविवारी ७१ नंबरची ट्राम पकडून मध्यवर्ती दफनभूमीत, त्सेंट्रालफ्रीडहोफमध्ये जा. दुसऱ्या दाराशी उतरा. बेथोव्हेन, शुबर्ट, ब्राम्स शेजारी शेजारी आहेत. मोझार्टचं तिथे फक्त स्मारक आहे, त्याला सांक्ट मार्क्सच्या दफनभूमीत पुरलं होतं.

कॉफीहाउस ही इथली खास गोष्ट. २०११ साली ऑस्ट्रियाने या संस्कृतीची नोंद आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. काफे सेंट्रलसमोर लांब रांग असते. १८८० पासून चालू असलेल्या काफे श्पेर्लमध्ये जा, तिथे निवांत बसायला मिळतं. मेलाँज मागवा: दुधाची फेसाळ कॉफी, बरोबर पाण्याचा ग्लास. एका कपावर तीन तास बसलात तरी उठवत नाहीत, आणि मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत. "त्सालेन, बिट्टे" (बिल द्यायचंय) म्हणा, एकूण रकमेवर पाच-दहा टक्के टीप धरून आकडा सांगा. फोन पिशवीत ठेवा. घरात गेली दहा वर्षं ज्या गोष्टी 'मुलं झोपल्यावर बोलू' म्हणून राहून गेल्या, त्या बोलायला ही जागा योग्य आहे.

मुलांसाठी खरेदीला एक संध्याकाळ द्या, नाताळच्या बाजारात. लाकडी खेळणी आणि काचेचे गोळे सुंदर असतात. त्याहून जास्त वेळ देऊ नका, नाहीतर सगळी सहल मुलांच्या यादीमागे जाते.

१२. शाकाहाऱ्यांनी हे जपावं

उपाशी राहायची वेळ येत नाही, पण नावं फसवी आहेत. फ्रिटाटेनसुप्पे या सूपमध्ये पॅनकेकचे धागे दिसतात, पाणी मात्र गोमांसाच्या अर्काचं असतं. लेबरकेझे या नावात केझे, म्हणजे चीज, आहे आणि तो पूर्ण मांसाचा पदार्थ आहे. केझेक्राइनर म्हणजे चीज भरलेलं सॉसेज. अंडं चालत असेल तर खाता येणारे पदार्थ: केझश्पेट्झले, म्हणजे चीज घातलेल्या जाड शेवया (डुकराचं मांस घातलेलं नाही ना, एवढं विचारा), सफरचंदाचा श्ट्रुडेल, प्लमच्या मुरंब्याबरोबरचा काइझरश्मार्न, म्हणजे तुकडे केलेला गोड पॅनकेक. त्यातल्या बेदाण्यांना कधी रमचा वास असतो. "इश एस्से काइन फ्लाइश" हे वाक्य पाठ करा: मी मांस खात नाही. नाशमार्क्ट बाजारात फलाफल, ऑलिव्ह, ताजी फळं मिळतात. तोही रविवारी बंद.

१३. घरी फोन: दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी

थंडीत व्हिएन्ना आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. तिथे दुपारचे तीन म्हणजे घरी संध्याकाळचे साडेसात: शाळा झाली, खेळून झालं, जेवण व्हायचंय. हीच वेळ धरा. झोपायच्या वेळी फोन नको, तेव्हा मुलांचं मन हळवं असतं आणि नंतर आजीला समजूत घालत बसावं लागतं.

"माझी आठवण येते का?" हे विचारू नका. "आज डब्यात काय होतं, कबड्डीत कोण आऊट झालं" असं विचारा. दोन मिनिटांत मूल पळून गेलं तर छान आहे, ते मजेत आहे. मग पाच मिनिटं आजीशी वेगळं बोला, आणि तिला तिच्याबद्दल विचारा: झोप झाली का, गोळ्या घेतल्या का. संध्याकाळी काही अडलं तर जवळच्या माणसाला फोन, आणि तुम्हाला फोन फक्त ठरलेल्या कारणांसाठी, असा नियम ठेवा.

तिकडे तुम्हालाच काही झालं तर आपत्कालीन नंबर ११२, रुग्णवाहिकेसाठी १४४. भारतीय राजदूतावास व्हिएन्नातच आहे. त्याचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये आणि घरच्या फाइलमध्ये ठेवा.

१४. परतल्यावर

विमान असं निवडा की घरी पोचाल तेव्हा मुलं जागी असतील. दुसऱ्या दिवशी दोघांपैकी एकाने तरी रजा ठेवा. मुलं पहिल्या दिवशी गळ्यात पडतील, दुसऱ्या दिवशी रुसतील, क्वचित हट्ट करतील. ते चार-सहा दिवस चालतं. आजी-आजोबांना लगेच गावी पाठवू नका. दोन दिवस थांबवून घ्या आणि तेवढे दिवस त्यांना स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका.

व्हिसाची फाइल, बोर्डिंग पास, विम्याचा कागद जपून ठेवा. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी शेंगेनचा नियम सैल झाला आहे: तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन नीट वापरले असतील तर पुढे दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. पुढच्या वेळी मुलांना घेऊन जाल, तेव्हा निदान तुमच्या दोघांच्या अर्जाचं काम सोपं होईल.